भिवटेकचं निरीक्षण

दुपारच्या शांततेत अडकित्ता वाजला. कट्.

त्या एका आवाजासाठी भागिरथी केव्हाची डोक्यावरचा पदर सावरत माजघराच्या दाराशी उभी होती. पन्नालालजींच्या घरात मोठ्या गोष्टींचा निकाल आधी अडकित्त्यात लागे, तोंडात मागाहून. कुणी काही मागितलं, की तिचे हे सासरे सुपारीचं खांड अडकित्त्यात धरून डोळे मिटत. खांड फुटलं तर मंजूर. न फुटता डबीत परत गेलं, तर त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढायचं नाही. घेवरचंदचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, स्कूटर घ्यायचा बेत असाच एकदा डबीत गेला होता आणि अजून तिथंच होता.

“जा मंग,” सासरे म्हणाले. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. “पन सूनबाई, तठी आहे काय?”

तठी, म्हणजे तिथं डोंगरात, काहीच नव्हतं, आणि हीच तर त्यातली गोडी होती. पण ही गोष्ट किराण्याच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसाला सांगायची कशी? भागिरथीनं “हवापालट” असं काहीतरी पदराआडून सांगितलं आणि ती चट्कन आत गेली. एकदा फुटलेली सुपारी जोडता येत नाही हे खरं. पण मंजूर झालेल्या गोष्टीसमोर फार वेळ उभंही राहू नये.

मूळ कारण होतं गुळाच्या पुडीचा कागद. दुकानात रद्दी येई ती अकोल्याहून, आणि घरात येणारी प्रत्येक पुडी भागिरथी आधी वाचायची, मग रिकामी करायची. या कागदावर आफ्रिकेतल्या कुठल्याशा राखीव जंगलाची हकिकत होती. तिथं म्हणे सरकारनंच जंगलात साध्या झोपड्या बांधून ठेवल्या आहेत. शहरातली माणसं बायकापोरांसकट तिथं जातात, शिधा आपला आपण नेतात, आपलं आपण रांधून खातात आणि दिवसभर डोंगर तुडवत हिंडतात. कुणाचं लग्न नाही, कुणाची यात्रा नाही, नुसतं हिंडायचं. मजकूर मोठा छान होता. फक्त खरकटं कोण काढतं ते त्यात आलं नव्हतं. तिथंच कागद फाटला होता. तेवढं एक वाक्य पुढं असतं तर पुढचं सारं कदाचित टळलं असतं.

आफ्रिका मंगरूळपीरहून लांब पडते. पण भिवटेक नव्हता लांब. गच्चीवर उभं राहिलं की दूर आभाळाला टेकलेला तो निळा डोंगर दिसायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून भागिरथीनं तो पापड वाळवताना पाहिला होता, कुरडया वाळवताना पाहिला होता, लेकीची, विमलची, दुपटी वाळत घालताना पाहिला होता. इथून तो कसा दिसतो हे तिला पाठ होतं. तिला एकदा तिकडून इकडं पाहायचं होतं. एवढंच. वर जायचं, उभं राहायचं आणि पाहायचं. आणि ते याच माघात जमलं तर जमलं. होळीनंतर धाकट्या दिराचं लग्न होतं, त्यापुढं उन्हाळा, त्यापुढं पाऊस, आणि त्यापुढं या घराला दुसरा पाळणा हवा होताच. पाळणा हलवणारीनं डोंगराकडं पाहायचंही नसतं. विमल आता पाच वर्षांची होती, तिचे पाय चालते झाले होते. बेत ठरला तो असा: डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याचा बंगला आहे, तिथं दोन मुक्काम करायचे. तिथं घेवरचंद चुलीकडं आणि विमलकडं पाहील, आणि भागिरथी डोंगर चढून येईल. घेवरचंदनं हे कबूल केलं होतं. तो स्वभावानं इतका गरीब होता, की कुणी काही कबूल करायला सांगितलं तर त्याला नाही म्हणणंच जमत नसे. अडचण एवढीच, की तो सगळ्यांचंच कबूल करायचा.

बेत शेजारी पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या प्रयागबाई म्हणजे मारोतराव पाटलांच्या पत्नी. त्यांची शेती तिकडं इंझोरीच्या बाजूला, त्यामुळं जंगलाविषयी बोलायचा हक्क आपला आहे असं त्या धरून चालत. त्या तडक चुलीपाशी येऊन बसल्या आणि त्यांनी अस्वलाची माहिती दिली. अस्वल बाईमाणसाच्या मागं लागतं, पुरुषाच्या नाही. त्यातही जैनाच्या बाईमाणसाच्या जास्त, कारण त्यांच्या अंगाला तुपाचा वास येतो. अस्वल आलं तर पळायचं नाही, निजायचं. मेल्यासारखं. मग ते हुंगतं आणि जातं. “आन गेलं नाही तर?” असं भागिरथीनं विचारलं तेव्हा प्रयागबाईंनी तो प्रश्न अपशकुनी म्हणून सोडून दिला. पण जाता जाता त्या खरा घाव घालून गेल्या. तिथल्या विहिरीचं पाणी बाधतं, त्यांच्या दिराला बाधलं होतं, त्याला कावीळ झाली, तो वर्षभर पिवळाच होता. हे त्या भागिरथीला सांगत होत्या, पण आवाज आतल्या खोलीपर्यंत जाईल असा ठेवला होता. आतल्या खोलीत सासूबाई होत्या.

निघण्याआधी परवानगी मिळवायची होती. वनखात्याच्या कचेरीत शालिग्राम नावाचे कारकून बसायचे. घेवरचंद दोनदा जाऊन दोनदा परत आला. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा साहेब होते, पण कागदावरचा ‘प्रयोजन’ हा रकाना अडला. शालिग्रामांचं म्हणणं रास्त होतं. त्या बंगल्यात आजवर साहेब उतरले होते, साहेबांचे साहेब उतरले होते, एक खासदार दुपारच्या झोपेपुरते उतरले होते. पण हिंडायला म्हणून पदरचं पीठ घेऊन कुणी उतरलं नव्हतं. ‘हिंडणे’ हे प्रयोजन होत नाही, असं ते म्हणत. घेवरचंदनं ते लगेच कबूल केलं.

तिसऱ्या खेपेला भागिरथी स्वतः गेली. विमलला कडेवर घेऊन ती टेबलासमोर उभी राहिली. बाई कचेरीत आलेली पाहून शालिग्रामांनी दौत सरकवली, ती पुन्हा जागेवर ठेवली. इतर लोक तिथं काय लिहितात असं तिनं विचारलं. शालिग्राम म्हणाले, निरीक्षण. मग आमचंही निरीक्षणच लिहा, ती म्हणाली. कशाचं म्हणून लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती अजिबात न अडखळता म्हणाली, “डोंगराचं.” शालिग्राम बराच वेळ विचारात पडले. डोंगराचं निरीक्षण करू नये असा नियम त्यांना आठवेना. त्यांनी लिहिलं, शिक्का मारला आणि वर बजावलं, की निरीक्षणात कसूर झाली तर जबाबदारी तुमची.

कागद घेऊन ती घरी आली ती राजासारखी. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. हीराबाई. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, आणि धर्माच्या बाबतीत लोखंडाच्या. त्या म्हणाल्या, “मीबी येतो.”

जंगलात शुद्ध-अशुद्ध कोण पाहणार? बिनगाळलेलं पाणी, किडकं सरपण, दिवस बुडाल्यावरचं जेवण, असलं काही नातीच्या पोटात गेलं म्हणजे? घेवरचंदनं हेही कबूल केलं. आणि पाणी बाधतं म्हणून घरच्या विहिरीच्या पाण्याचा हंडा सोबत घ्यायचं ठरलं. हंड्यामागोमाग कळशी आली, कळशीमागोमाग पातेली, तवा, परात, पाटा-वरवंटा, पिठाचा डबा, तुपाची बरणी, मुगाची डाळ, बसायचे पाट, गाळणं, दुसरं गाळणं, आणि पहिल्या दोन्ही गाळण्यांना काही झालं तर असावं म्हणून तिसरं. आफ्रिकेतल्या माणसांकडं पाठीवर एक पिशवी असते असं त्या कागदात होतं. त्यांच्यात सासू नेत नसावेत.

मानोऱ्याकडे जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर सामान चढताना पाहत उभा राहिला. “बिऱ्हाड हलवून राह्यले काय शेठ?” तो म्हणाला. पाट्याला तिकीट लागतं की नाही यावर त्याचं आणि घेवरचंदचं थोडं बोलणं झालं. हंडा टपावर ठेवायला हीराबाई तयार नव्हत्या, खाली पायांत ठेवायला तर नाहीच. शेवटी हंडा घेवरचंदच्या मांडीवर बसला आणि घेवरचंद त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. गाडी प्रत्येक खड्ड्यात उडे तेव्हा हंडा त्याच्या हनुवटीवर आपटे. भागिरथी खिडकीशी होती. निळा डोंगर हळूहळू हिरवट होत होता, मग करडा, मग त्यावर झाडं मोजता येतील असा. रस्त्याकडेचे पळस नुकते पेटू लागले होते. तिच्या मनात आलं, झालं, आता कोण अडवतंय?

बंगला छान होता. लाल कौलांचा, पुढं रुंद ओसरी, मागं थेट भिवटेक, इतका जवळ की माथा पाहायला मान मागं टाकावी लागे. बंगल्याचा चौकीदार सोमला समोर आला. त्यानं सामान उतरवून घेतलं, एकेक गाठोडं उघडून पाहिलं, पोत्यात हात घालून पाहिला आणि चिंतेनं विचारलं, “कोंबडा कोठी आहे शेठ?”

त्या बंगल्याची रीत अशी होती, की येणाऱ्यानं कोंबडा आणायचा, सोमलानं रांधायचा, तंगड्या साहेबाला आणि मान सोमलाला. कोंबडा आणला नाही, आणणार नाही, आणि कधी आणलाच नव्हता, हे कळल्यावर सोमलाचा चेहरा असा पडला, की घेवरचंदनं त्याची माफी मागितली. पण त्या चौकशीनं दुसराच घोटाळा झाला. सोमलानं आजवर किती कोंबडे शिजवले असतील याचा हीराबाईंनी मनात अंदाज घेतला आणि बंगल्याच्या स्वैपाकघरात पाऊल ठेवणार नाही असं सांगितलं. चूल बाहेर मांडायची.

आता बाहेर म्हणजे जंगल. हीराबाई मऊ कुंचा घेऊन जीवजंतू नसलेली जागा शोधू लागल्या. मोहाच्या झाडाखाली मुंग्या होत्या. त्या म्हणाल्या, हे त्यांचं घर, इथं नको. बांधाशी वाळवी होती. तेही नको. दगडापाशी कसलेसे लाल किडे संसार मांडून बसले होते. दुपार कलली तेव्हा कुठं ओसरीच्या पायरीशी हातभर जागा सापडली, जिथं कुणी राहत नव्हतं. मग सरपण. प्रत्येक काटकी जमिनीवर हलक्या हातानं ठोकायची, तिच्यातून कुणी बाहेर येतंय का पाहायचं, आलं तर ती काटकी झाडाखाली नेऊन ठेवायची. घेवरचंद ठोकत होता, विमल पाहत होती. जवळजवळ सगळ्याच काटक्यांतून कुणी ना कुणी निघत होतं. चूल पेटली तेव्हा उन्हं डोंगराच्या पलीकडं चालली होती, आणि दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची म्हणून भागिरथी भाकरीमागून भाकरी थापत होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. त्या दिवशी तिनं भिवटेक पाहिला तो सगळा धुरातून. गच्चीवरून याहून स्वच्छ दिसायचा.

खरकटं कोण काढतं ते तिला त्या संध्याकाळी कळलं.

तरी दुसरा दिवस हातात होता. सकाळी लवकर स्वैपाक उरकून निघायचं असं तिनं ठरवलं, आणि ते झालंही असतं. पण सकाळी हीराबाईंनी हंड्यातलं उरलेलं पाणी गाळायला घेतलं आणि गाळण्यात पाहून त्या थांबल्या.

गोष्ट अशी. गाळलेलं पाणी दोन घटकांपुरतं चालतं. मग पुन्हा गाळायचं. उकळून घेतलं तर दिवसभर चिंता नाही. निघायच्या गडबडीत पाणी उकळायला घेवरचंदला सांगितलं होतं आणि त्यानं कबूलही केलं होतं. पण त्यानं हंडा कच्च्या पाण्याचाच भरला. आईनं विचारल्यावर तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “उकळेल हंडा मांडीवर घेऊन बसाचं होतं ना मले.” पण आता गाळण्याच्या कापडात जी जिवाणी उरली होती, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव, ते ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत परत सोडायला हवे होते. दुसऱ्या पाण्यात सोडले तर ते जगत नाहीत. हीराबाईंनी आयुष्यात कधी कुणाचं घर असं मोडलं नव्हतं आणि आता या वयात त्या मोडणार नव्हत्या. त्यांनी कापड उलटं करून वर स्वच्छ पाणी सोडलं, ती जिवाणी तांब्यात घेतली, तांब्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि तो मुलाच्या हातात दिला.

विहीर मंगरूळला होती. घेवरचंद सकाळच्या गाडीनं निघाला.

जो माणूस चुलीकडं आणि मुलीकडं पाहणार होता, तो तांब्या घेऊन गावाला गेला. भागिरथी ओसरीवर उभी राहून त्याची पाठमोरी आकृती पाहत राहिली. चिडावं तर कुणावर? नवऱ्यावर चिडता येत नव्हतं, सासूवर चिडायचं नव्हतं, आणि तांब्यातल्यांचा तर काहीच अपराध नव्हता. ती सरपण ठोकायला बसली. सोमला शेजारी येऊन बसला आणि आज भाजी कशाची आहे असं विचारू लागला. काल मुगाच्या डाळीची चव लागल्यापासून तो कोंबड्याचं दुःख थोडं विसरला होता.

घेवरचंद दुपारी परतला तो धापा टाकत. त्यानं सांगितलेली हकिकत अशी. तांब्या सांडू नये म्हणून तो गाडीत खाली मान घालून, तांब्या छातीशी धरून बसला होता. कुणाशी बोलला नाही. चुलीच्या धुरानं डोळे लाल झालेले. नेमके त्याच गाडीत प्रयागबाईंचे यजमान मारोतराव होते. त्यांनी पाहिलं, की घेवरचंद जंगलातून एकटाच आला आहे, डोळे रडलेले आहेत, आणि हातात पांढऱ्या फडक्याचा तांब्या आहे. त्यांनी टोपी काढली. काही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. शेजारचे उतारू उठून उभे राहिले. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे परत दिले. मंगरूळच्या स्टँडवर उतरेपर्यंत हीराबाईंना अस्वलानं नेल्याची बातमी पुढं गेली होती, आणि घेवरचंद विहिरीवर तांब्या हळुवार खाली सोडत असताना अंगणात प्रयागबाईंनी हंबरडा फोडला होता. पन्नालालजी गादीवर सुपारी कातरत होते. त्यांनी गर्दी पाहिली, काय झालं ते ऐकलं, आणि सुपारी न फोडता डबीत ठेवली.

खुलासा करता करता घेवरचंदचा घसा बसला होता. भागिरथीला हसू आवरेना म्हणून तिनं चुलीत फुंकर घातली. हीराबाई मात्र गंभीर होत्या. त्यांनी विचारलं, “प्रयागी रडली काय?”

“लय रडली.”

“खरंच?”

“भिताडाले डोकं आपटून राह्यली होती.”

त्या दुपारी हीराबाईंनी पोळीवर तूप जरा सढळ वाढलं.

आणि इतकं सगळं सोसून आलेल्या घेवरचंदनं मग मोठ्या अभिमानानं ओसरीच्या कडेला ठेवलेलं आपलं ओझं पुढं आणलं. आईला जंगलचं पाणी बाधू नये म्हणून तो आपल्या विहिरीचा ताजा हंडा भरून घेऊन आला होता. भागिरथीनं विचारलं, उकळलेलं आहे ना? घेवरचंदनं आपल्या मांडीकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुसरा तांब्या घेऊन त्याच गाडीनं गेला. या खेपेस त्याला सक्त ताकीद होती, की परत येऊ नको, येताना काही आणू नको, आम्ही दुपारच्या गाडीनं येतोच. जाताना तो हताशपणे म्हणाला, की आता गाडीतली माणसं विचारतील, आज कोण गेलं?

आता उरला तो एकच सकाळचा वेळ. दुपारी सामान बांधायचं, गाडी धरायची. मंगरूळला गेल्यावर पुन्हा गच्ची, पुन्हा पापड. भागिरथीनं चुलीकडं पाहिलं. पिठाची परात भरून ठेवली होती, सरपणाचा भारा ठोकायचा होता. आत्ता हात लावला की स्वैपाक, मग जेवणं, मग भांडी, आणि भांडी पुसून होईपर्यंत फाट्यावर गाडीचा भोंगा. डोंगर तिथंच मागं होता, रोज होता तसा. इतक्या जवळ येऊन तो चढल्याशिवाय परत जाणं तिला शक्य नव्हतं. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक, सासूशी भांडायचं. दुसरी तिला अचानक सुचली आणि ती इतकी सोपी होती की आधी कशी सुचली नाही याचंच तिला नवल वाटलं.

“बाई,” ती म्हणाली, “आज माहा उपास आहे.”

त्या घरात एक गोष्ट पक्की होती. जेवायला बोलावलेल्याला अडवता येईल, प्रवासाला निघालेल्याला अडवता येईल, पण उपास धरलेल्याला कुणी अडवत नाही. आणि त्यांच्यातला उपास म्हणजे उपास. त्यात साबुदाण्याची उसळ बसत नाही, दाण्याची आमटी बसत नाही, पाण्याचा घोटही नाही. चूल पेटायचं कारणच उरत नाही.

हीराबाईंनी बोटांच्या पेरांवर तिथी मोजली. त्या दचकल्या. आज चतुर्दशी होती. हंडे, तांबे, मुंग्या या धांदलीत त्या स्वतःच विसरल्या होत्या. सुनेनं लक्षात ठेवलं आणि सासूनं जेवावं, हे तर होणंच नव्हतं. त्यांनीही धरला. भागिरथीला मनातून थोडं चोरट्यासारखं झालं. तिला तिथीचा पत्ता नव्हता. पण उपास काही खोटा नव्हता. जेवायचं नव्हतं हे तर खरंच होतं. विमलपुरते डब्यात लाडू होते.

चुलीला सुट्टी मिळाली. सोमला दोनदा येऊन रिकामी चूल पाहून गेला. हीराबाई ओसरीवर बसल्या. मांडीवर हात ठेवला, काढला. निवडायला डाळ नव्हती, गाळायला पाणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर करून डोंगराकडं पाहिलं, मग सुनेकडं. भागिरथी चपला घालून उभी होती आणि उभी नाही असं दाखवत होती.

“डोंगरासाठी धरला काय वं उपास?” हीराबाईंनी विचारलं.

भागिरथी म्हणाली, “हो.”

ओसरीच्या कौलावर एक खार इकडून तिकडं गेली.

“मंग थांबली काहून?” हीराबाई उठत म्हणाल्या. “ऊन चढून राह्यलं. चाल, मीबी येतो.”

वाट दाखवायला येतो असं सोमलानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण जेवण नाही म्हटल्यावर त्याच्या पायांत वात आला होता. त्यानं बसल्या जागेवरून हात उंच करून वाट दाखवली, आणि ती वाट खरंच तिकडंच होती, म्हणून त्याच्याविषयी वाईट बोलायला नको. पहिला टप्पा सोपा होता. मग गवत आलं आणि गवताबरोबर कुसळी. भागिरथीच्या लुगड्याला इतकी कुसळं लागली की ते स्वतःहून चालू लागेल असं वाटलं. विमलनं काही अंतर चालून आपले पाय संपल्याचं जाहीर केलं आणि ती कडेवर आली. मग चपलेचा अंगठा तुटला. उजवी चप्पल हातात, मुलगी कडेवर, पदर कमरेला. मंगरूळच्या पेठेतल्या कुणी तिला त्या क्षणी पाहिलं असतं तर पन्नालालजींच्या सुनेचं नाव पुढची निदान तीन लग्नं चघळलं गेलं असतं. पण तिथं पाहायला होता तो फक्त एक रोही, म्हणजे नीलगाय. एवढा मोठा निळसर नर, सागाच्या झाडाआडून बाहेर आला आणि समोर उभा राहिला. प्रयागबाईंनी अस्वलाचं सांगितलं होतं, रोह्याचं काहीच सांगितलं नव्हतं. निजायचं की नाही? भागिरथीनं क्षणभर विचार केला आणि दुकानात गोणीला तोंड लावणाऱ्या गाईला ज्या आवाजात हाकलायची त्याच आवाजात ती म्हणाली, “हट्.” रोही गेला. जंगलातही दुकानाचा आवाज चालतो हे पाहून तिचा धीर फार वाढला.

निम्म्या डोंगरावर हीराबाई थांबल्या. त्यांनी कुंच्यानं एका दगडावरची धूळ झाडली, कुणी राहत नाही ना ते पाहिलं आणि त्या टेकून बसल्या. ओठ कोरडे पडले होते, भागिरथीचेही पडले होते. पण पाणी हा शब्द आज दोघींपैकी कुणी काढणार नव्हतं. भागिरथीही थांबली. आता खाली जायचं म्हणतील, असं तिला वाटलं. एवढ्या वरून परत जायचं, आणि जावं लागलं असतं तर ती गेलीही असती.

हीराबाईंनी कनवटीची माळ काढली. वर पाहिलं. माथा अजून उरला होता.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “माह्या वाटचंबी पाहून ये.”

शेवटचा चढ नुसत्या दगडांचा होता. भागिरथीनं दुसरीही चप्पल काढून दोन्ही एका खडकाखाली ठेवल्या. विमलला पुढं घातलं, तिला मागून लोटलं, स्वतः गुडघे टेकवत, हातांनी झुडपं धरत ती चढली. घशाला कोरड पडली होती, तळपाय पोळत होते, आणि मनात एकही वाईट विचार नव्हता. मग एका पावलानंतर पुढं चढायला काही उरलंच नाही.

वर सपाटी होती. पिवळं गवत, काही काळे खडक, आणि वारा. इतका वारा की पदर डोक्यावर ठरेना; तिनं दोनदा घेतला आणि मग राहू दिला. खाली बंगल्याचं लाल कौल टिकलीएवढं. त्याच्या पुढं रस्ता, रस्त्यावर मुंगीसारखी एसटी, ज्वारीची कापलेली शेतं, विहिरी, बांध, आणि दूर, उन्हाच्या झळाळीत, मंगरूळपीर. दर्ग्याचा पांढरा ठिपका होता, बाजूला झाडांचा पुंजका होता, आणि बाकी सगळं एकमेकांत मिसळलेलं. त्यातली पेठ कोणती, गच्ची कोणती, पापडांची दोरी कोणती, काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळ्या गावाचा मिळून तळहाताएवढा ढीग दिसत होता. तिला वाटलं होतं, इथं आल्यावर मोठ्यानं काहीतरी म्हणावंसं वाटेल. काही वाटलं नाही. ती एका खडकावर बसली. पाय पुढं सोडले. आणि पाहत राहिली.

विमलनं लाडू खाल्ला. गवताचं एक पातं तोडलं, टाकलं. मग ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि आधी तिच्या तोंडाकडं, मग तिच्या मांडीवर उलगडून पडलेल्या हातांकडं पाहू लागली. आईला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. वाकून तिनं आईच्या मागं काही ठेवलंय का तेही पाहिलं. तिथं परात नव्हती, सूप नव्हतं, विणकाम नव्हतं.

“आई,” तिनं विचारलं, “तू आता काय करून राह्यली?”

भागिरथीनं सांगायला तोंड उघडलं, आणि कचेरीतल्या कागदावरचाच शब्द बाहेर आला, “निरीक्षण.”